एकशे अठरा बाय शहात्तर

तलासरीच्या एका धर्मादाय दवाखान्यात दर डिसेंबरात सगळ्या नोकरवर्गाची तपासणी व्हायची. कीर्ती चुरीची पाळी आली तेव्हा ती हसतच खुर्चीत बसली आणि दंड पुढे केला. शितल, तिच्याबरोबरच नोकरीला लागलेली दुसरी नर्स, बीपीचं मशीन चालवत होती. आकडा आला तशी शितलनं मशीनकडे वाकून बघितलं. पट्टा सोडून तिनं तो पुन्हा बांधला. मग दहा मिनिटं कीर्तीला गप्प बसवून तिसऱ्यांदा मोजलं. एकशे बावन्न बाय अठ्ठ्याण्णव. नाडी एकशे बारा.

मशीन बिघडलं असेल म्हणून शितलनं स्वतःच्या दंडाला पट्टा लावून पाहिला. मशीन ठीक होतं.

"चोवीस वर्षांची आहेस तू," ती हलक्या आवाजात म्हणाली. "कसलं टेन्शन आहे का?"

झोप नीट झाली नाही, असं कीर्तीनं सांगितलं. ते खोटं होतं. झोप चांगली झाली होती आणि आकडा कशाचा असावा हे तिला ठाऊक होतं. निदान तसं तिला वाटत होतं. तिसरीत असल्यापासून रोज सकाळी साडेसहाला ती एक गोळी घेत आली होती. मिथाइलफेनिडेट. सोळा वर्षं. दवाखान्यात हे कुणालाच माहीत नव्हतं. नोकरीचा अर्ज भरताना 'नेहमीची औषधं' या रकान्यात तिनं आडवी रेघ मारली होती आणि तिच्या उमेदवारीचे सहा महिने जानेवारीअखेर संपायचे होते.

कीर्ती आठवडाभर दवाखान्याच्या मागच्या खोल्यांमध्ये राहायची आणि शनिवारी चारोटीवरून डहाणूला घरी यायची. त्या शनिवारी चारोटीला डहाणूच्या गाडीची वाट बघत उभी असताना तिनं स्वतःच्या मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी मोजली. मग आपण मोजतोय हे लक्षात येऊन हात खिशात घातला. गाडीत बसल्यावर पुन्हा मोजली.

तिचे वडील ललित चुरी रेल्वेच्या सिग्नल विभागात होते. आई मनोरमा रानशेतच्या शाळेत शिक्षिका. कीर्ती आठ वर्षांची असताना एकदा डहाणूच्या फलाटावरून खाली रुळांत उतरली होती. खडीत काहीतरी चमकताना तिला दिसलं होतं, इतकंच कारण. समोरून मालगाडी येत होती. ललित पलीकडेच कामावर होता, त्यानं धावत जाऊन तिला फ्रॉकला धरून वर ओढलं. वर्गातून उठून जाणं, दप्तर कुठेही विसरणं, सांगितलेलं अर्ध्यात सोडणं हे सगळं तोवर खोडकरपणात जमा होतं. त्या दिवसानंतर मनोरमानं तिला वापीला डॉ. नविन पारेख यांच्याकडे नेलं. ते मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ होते. त्यांनी तीन भेटी घेतल्या, शाळेतून माहिती मागवली आणि मग एडीएचडी हा शब्द उच्चारला. आधी काही महिने सवयी बदलून पाहिल्या. नंतर गोळी सुरू झाली.

गोळीच्या पहिल्या आठवड्यात कीर्तीनं शुद्धलेखनाचं एक अख्खं पान एका बैठकीत लिहिलं. मग पेन्सिल खाली ठेवून तिनं विचारलं होतं, "आई, सगळ्यांच्या डोक्यात असं शांत असतं?" मनोरमा ते कधी विसरली नाही.

ललितला मात्र ती गोळी पहिल्या दिवसापासून पटली नव्हती. मुलीची भूक गेली. तिच्या बरोबरीच्या चुलत बहिणी तिच्यापेक्षा उंच झाल्या. आणि आठ वर्षांपूर्वी ललितचा धाकटा भाऊ मुकेश वाढवणला आपल्या वाडीत चिकू उतरवताना खाली बसला तो उठलाच नाही. वय त्रेचाळीस. हृदयविकार, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून ललित गोळीकडे बघायचा तो वेगळ्याच नजरेनं. त्याच्याच हट्टानं कीर्तीच्या बारावीत चार महिने गोळी बंद ठेवली होती. त्या चार महिन्यांत तिनं आशागडच्या वळणावर वळण न घेता स्कूटर सरळ शेतात घातली. गळ्याजवळचं हाड मोडलं आणि सहामाहीत दोन विषय गेले. मनोरमानं कुणाला न विचारता गोळी पुन्हा चालू केली. पुढे त्या घरात गोळीवर बोलणं बंद झालं.

शनिवारी कीर्तीनं जेवायला बसल्यावर आकडा सांगितला. ललितनं हातातली भाकरी ताटात ठेवली.

"किती म्हणालीस?"

तिनं पुन्हा सांगितलं. ललित बायकोकडे वळला. आवाज चढवला नाही. सोळा वर्षं मी काय सांगत होतो, एवढंच तो म्हणाला आणि ताटावरून उठून गेला.

मनोरमानं सोमवारी वापीला जायचं ठरवलं, पण एकटीनं. तुझी रजा कशाला फुकट घालवतेस, मी सांगते डॉक्टरांना सगळं, असं ती दोनदा म्हणाली. दर महिन्याला तीच जायची. या गोळीसाठी दर वेळी नवी चिठ्ठी लागते आणि ती सगळ्या दुकानांत मिळत नाही, म्हणून महिन्यातला एक शनिवार मनोरमा मेमू गाडीनं वापीला जाऊन चिठ्ठी आणि गोळ्या दोन्ही घेऊन यायची. कीर्ती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला गेल्यापासून हे असंच चाललं होतं. पण या वेळी कीर्तीनं ऐकलं नाही आणि ललितही निघाला. गाडीत तिघं एकाच बाकावर बसले होते.

डॉ. पारेखांनी कीर्तीला बघून आनंदानं विचारपूस केली. मग बीपी मोजलं. दोन्ही हातांवर, बसवून आणि उभं करून. त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी तिची जुनी फाइल उघडली, पानं मागे-पुढे केली आणि एका पानावर थांबले.

"गेल्या महिन्यात तर एकशे अठरा बाय शहात्तर होतं," ते म्हणाले.

कीर्तीनं टेबलापलीकडून ते पान वाचलं. महिन्यांची यादी होती आणि प्रत्येकापुढे आकडा. एकशे अठरा बाय शहात्तर. एकशे वीस बाय अठ्ठ्याहत्तर. एकशे अठरा बाय शहात्तर. एकशे सोळा बाय शहात्तर. पुन्हा एकशे अठरा. अडीच वर्षं. रोज पन्नास लोकांचं बीपी मोजणाऱ्या मुलीला ते कळायला वेळ लागला नाही. जिवंत माणसाचे आकडे असे एका रांगेत बसत नाहीत. आणि तिनं तर या अडीच वर्षांत स्वतःचं बीपी एकदाही मोजलं नव्हतं.

"हे कुणी मोजलं?" तिनं विचारलं.

डॉक्टर मनोरमाकडे बघत होते. ललितही. मनोरमानं पदर दोन्ही हातांत धरला होता. वर्गात उत्तर चुकलेल्या पोरासारखी ती मान खाली घालून बसली होती, आणि वर्गात पोरांना दुसऱ्याच्या पाटीवरचं उतरवू नका म्हणून ओरडणारी तीच होती.

"मी तुला दर महिन्याला मेसेज करायचे," ती शेवटी म्हणाली. "बीपी मोजून पाठव म्हणून. तू पाठवायची नाहीस."

हेही खरं होतं. कीर्तीच्या फोनमध्ये ते सगळे मेसेज होते. काहींना तिनं नुसतं अंगठ्याचं चिन्ह पाठवलं होतं, काहींना 'उद्या नक्की'. दिवसभर दुसऱ्यांच्या दंडाला पट्टा बांधताना स्वतःचं राहून जायचं. आणि थोडी भीतीही होती, हे तिनं तेव्हा पहिल्यांदा स्वतःशी कबूल केलं.

"म्हणून तू मनानं सांगितलंस?" ललितनं विचारलं.

"आकडा सांगितल्याशिवाय डॉक्टर चिठ्ठी देणार नाहीत. चिठ्ठी नाही तर गोळी नाही." मनोरमानं मान वर केली. "बारावीतले चार महिने मी काढलेत. पोरीला दवाखान्यातून उचलून आणलंय. ती परीक्षेच्या नंबराचा कागद घरी विसरून अर्ध्या वाटेतून परत यायची, आणि न्हाणीघरात बसून स्वतःला थापडा मारून घ्यायची. ते तुम्हाला नाही ठाऊक. आणि या अडीच वर्षांत ती शिकत होती, सुया टोचत होती, लोकांचे जीव तिच्या हातात होते. मला वाटलं, पुढच्या महिन्यात ती पाठवेल. मग त्याच्या पुढच्या महिन्यात."

डॉ. पारेखांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चूक एकट्या मॅडमची नाही, असं ते म्हणाले. मुलीला समोर न बघता अडीच वर्षं त्यांनी चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. नर्स आहे, मोजत असेल, असं धरून चालले होते. दोन वर्षांपूर्वी त्यांनी हृदयाचा आलेख, म्हणजे ईसीजी, काढायला सांगितला होता, तो झाला का हेसुद्धा विचारलं नव्हतं.

ललितला ते नको होतं. त्याला एकच गोष्ट हवी होती.

"सोळा वर्षं ही गोळी पोटात गेली. तिच्या हृदयाचं काय झालं, ते सांगा."

"तपासल्याशिवाय नाही सांगता येणार," डॉक्टर म्हणाले. "आणि तपासल्यावरही सगळं सांगता येईल असं नाही, ललितभाई."

मग ते बराच वेळ बोलले. ही गोळी काम करते याचे प्रयोग पुष्कळ आहेत, पण बहुतेक काही आठवड्यांचे, काही महिन्यांचे. सोळा वर्षं रोज घेणाऱ्यांची आणि न घेणाऱ्यांची अशी जोडी लावून कुणी प्रयोग केलेला नाही, करणं कठीणही आहे. बाहेरच्या देशांत हजारो लोकांच्या जुन्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांत वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये रक्तदाबाचं आणि रक्तवाहिन्यांच्या दुखण्याचं प्रमाण थोडं जास्त दिसतं, डोस मोठा असेल तर अधिक. तशाच नोंदींत दुसरंही दिसतं. गोळी चालू असताना या लोकांना अपघात कमी होतात. उंची थोडी कमी भरू शकते, ते खरं आहे. वय वाढल्यावर गोळीची गरज तेवढीच राहते का, हे मधूनमधून थांबवून बघायला हवं होतं. ते झालं नाही.

"म्हणजे चांगली की वाईट?" ललितनं विचारलं.

"तिच्यासाठी काय, ते आता बघायचंय."

आठवडाभर निम्मा डोस आणि मग चार आठवडे पूर्ण बंद, असं ठरलं. हृदयाचा आलेख, सोनोग्राफी, मूत्रपिंडाची तपासणी. रोज सकाळ-संध्याकाळ बीपी, आणि ते कीर्तीनं स्वतः मोजायचं. निघताना डॉक्टरांनी तिला एकटीला थांबवून घेतलं. कामावर सांग, असं ते म्हणाले. इनचार्जला सांग की या चार आठवड्यांत तुझ्यावर कुणीतरी लक्ष ठेवायला हवं. कीर्तीनं मान हलवली.

तिनं सांगितलं नाही. उमेदवारी संपायला सहा आठवडे उरले होते.

गोळी पूर्ण बंद झाल्यावर पहिले तीन-चार दिवस तिला बरं वाटलं. भूक लागत होती. मेसमध्ये ती दोनदा भात मागून घ्यायची आणि वाढणारी बाई कौतुकानं बघायची. बीपी उतरत होतं, एकशे चव्वेचाळीस, एकशे चाळीस. पण वॉर्डमध्ये मात्र सगळं एकाच आवाजात ऐकू येऊ लागलं. खोकला, बादलीचा आवाज, हायवेवरच्या ट्रकचा हॉर्न, डॉक्टरांची सूचना. कुठलं पुढे आणि कुठलं मागे हे लागेना. ती एक काम हातात घ्यायची आणि दुसरं दिसलं की पहिलं हातातून गळायचं. तिनं तळहातावर पेनानं लिहायला सुरुवात केली. मग हात धुतल्यावर अक्षरं जायची. ती कामावर एक तास आधी येऊ लागली आणि एक तास उशिरा जाऊ लागली. ड्युटी संपली की खोलीत जाऊन आडवी व्हायची, पण दिवसभर केलेली आणि राहिलेली कामं डोक्यात गिरक्या घेत राहायची. सतत कुणीतरी मागून अंगावर येतंय असं वाटायचं.

नवव्या दिवशी ते घडलं.

स्त्रियांच्या वॉर्डात चौथ्या खाटेवर ठकी नावाची पंचावन्न-साठ वर्षांची बाई होती. पायाची जखम चिघळून आली होती आणि साखर वाढलेली होती. तिला दिवसातून तीनदा जेवणाआधी इन्सुलिन द्यायचं होतं. दुपारी बाराला कीर्तीनं तिच्या बोटातून रक्त घेऊन साखर पाहिली. दोनशे चौतीस. चार्टवर लिहिलं. द्यायचं इन्सुलिन दहा युनिट. ती ट्रे घेऊन खाटेशी आली आणि तेवढ्यात पाचव्या खाटेवरच्या बाईनं अंगावरची चादर ओढताना सलाईनची सुई उपटली. रक्त चादरीवर, जमिनीवर. नातेवाईक ओरडायला लागले. कीर्ती धावली, हात दाबून धरला, नवी सुई लावली, चादर बदलायला वॉर्डातल्या आया बुधीबाईला हाक मारली, नातेवाइकांना बाहेर काढलं. पंधरा-वीस मिनिटं गेली.

ती परत चौथ्या खाटेशी आली. ट्रे तिथेच होता. इन्सुलिनची बाटली होती. चार्टवर साखरेचा आकडा होता आणि इन्सुलिनपुढची सहीची जागा कोरी होती. तिनं सवयीनं नवी सिरिंज उघडली, दहा युनिट ओढलं, ठकीच्या दंडावरून कापूस फिरवला.

आणि तिचा हात थांबला.

आपण हे केलंय, असं तिला वाटलं. आत्ताच. ही बाटली, हा कापूस, हा सुरकुतलेला दंड. पण रोज तीनदा ती हेच करत होती. डोळ्यांसमोर जे दिसत होतं ते आजचं होतं की कालचं? सुई उपटली गेली त्याच्या आधी टोचून झालं होतं, की टोचणार एवढ्यात? ट्रेमध्ये रिकामी सिरिंज नव्हती. पण वापरलेली सिरिंज ती लगेच डब्यात टाकायची आणि डब्यात सकाळपासूनच्या वीस-पंचवीस पडल्या होत्या. सही कोरी होती. म्हणजे दिलं नाही. की दिलं आणि सही करायच्या आत धावली?

"ठकीबाय, मी आता सुई टोचली का तुम्हाला?"

ठकीनं जड डोळे उघडले. "टोचली असंल. सकाळपासून किती टोचल्या, काय ठावं."

कागद सांगत होता, दे. कागदाप्रमाणे दिलं तर कुणी तिला बोल लावला नसता. नाही दिलं, तर साखर वर जाईल, ती उद्याही उतरवता येईल. पण दिलेलं असेल आणि पुन्हा दिलं, तर ही थकलेली, अर्धपोटी बाई तासा-दोन तासांत साखर घसरून झोपल्यासारखी दिसेल आणि ती झोपलेली आहे असंच सगळे समजतील. आणि कुणाला काही न सांगता बाजूला झालं तर? तेही शक्य होतं. कोऱ्या जागेत सही करायची आणि पुढच्या खाटेकडे जायचं. तिनं त्याचाही विचार केला. तो विचार किती वेळ टिकला हे तिला पुढे कधीच नीट सांगता आलं नाही.

तिनं सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि इनचार्ज पुष्पा सिस्टरच्या टेबलाशी गेली.

"सिस्टर, चार नंबरचं इन्सुलिन मी दिलंय की नाही, मला आठवत नाही."

पुष्पा सिस्टर तीस वर्षं या कामात होत्या. त्यांनी पेन बंद केलं, उठल्या आणि चौथ्या खाटेशी गेल्या. दुसरा डोस द्यायचा नाही. डॉक्टरांना फोन. दर अर्ध्या तासानं साखर. शिरेतून द्यायची साखर, डेक्स्ट्रोज, भरून बाजूला. जेवण लगेच. ठकीनं दोन घास खाल्ले आणि ताट सारलं. बुधीबाईनं गोड बोलून अजून दोन भरवले.

पावणेएकला साखर एकशे शहाण्णव आली. त्यावरून काही कळत नव्हतं. सव्वाला एकशे एकतीस. पुष्पा सिस्टरनी कीर्तीकडे एकदा बघितलं. पावणेदोनला चौऱ्याऐंशी. ठकीच्या कपाळावर घाम आला. तिच्या हाताला बारीक कंप सुटला होता आणि ती भलत्याच कुणाला तरी हाका मारत होती. दोनला सहासष्ट. पुष्पा सिस्टरनी ग्लुकोजचं पाणी घोटघोट पाजलं, एक ग्लास, मग अर्धा. डेक्स्ट्रोजची सिरिंज हातात धरून त्या उभ्या राहिल्या. कीर्ती भिंतीला टेकून उभी होती. सव्वादोनला अठ्ठ्याण्णव. पाऊण तासानं एकशे चाळीस. ठकीनं डोळे उघडून चहा मागितला.

म्हणजे दहा युनिट आधीच गेले होते. नुसत्या दहानं, एवढ्याशा जेवणावर ही गत झाली होती.

पुष्पा सिस्टरनी तिला औषधांच्या खोलीत नेलं आणि दार लोटलं. कीर्तीनं सगळं सांगितलं. तिसरीपासूनची गोळी, अर्जातली रेघ, बीपी, आईचे आकडे, नऊ दिवस. सिस्टरनी मध्ये एकदाही थांबवलं नाही.

"गोळी घेत होतीस हे लपवलंस, त्याचं मला फार नाही वाटत," त्या म्हणाल्या. "बंद केलीस हे लपवलंस. ते तू ठकीपासून लपवलंस."

सिस्टरनी घटनेचा अहवाल लिहायला लावला, स्वतः खाली सही केली आणि त्याच दिवशी तिला इंजेक्शन आणि औषधांच्या कामावरून काढलं. ड्रेसिंग, टेंपरेचर, नोंदवही, एवढंच. शितलला संध्याकाळपर्यंत कळलं. दोन दिवस ती कीर्तीशी नीट बोलली नाही. जानेवारीअखेर मेट्रननी तिला बोलावून सांगितलं की नोकरी पक्की होणार नाही, उमेदवारी तीन महिन्यांनी वाढवली आहे. लगेच येऊन सांगितलं म्हणून तीन महिने, नाहीतर आज सामान बांधायला लावलं असतं, असंही त्या म्हणाल्या.

चार आठवडे संपल्यावर तिघं पुन्हा वापीला गेले. हृदयाचा आलेख आणि सोनोग्राफी ठीक होती. बीपी एकशे छत्तीस बाय अठ्ठ्याऐंशी. उतरलं होतं, पण चोवीस वर्षांच्या मुलीचं असावं तितकं नाही. ललितनं विचारलं की गोळी बंद आहे, तर मग हे कुठून येतंय? डॉक्टरांनी घरात कुणाला बीपी आहे का, ते विचारलं. कुणाला नाही, असं ललित म्हणाला. तुमचं कधी मोजलंय? रेल्वेच्या तपासणीत, चार-पाच वर्षांपूर्वी. डॉक्टरांनी पट्टा त्याच्या दंडाला बांधला.

एकशे सत्तर बाय एकशे चार.

ललित त्या आकड्याकडे बघत राहिला. मुकेशचं कधी मोजलं होतं का, असं डॉक्टरांनी हळूच विचारलं. ललितनं मान हलवली. कुणीच मोजलं नव्हतं. गोळीनं बीपी वाढवलं होतं हे खरंच होतं, चार आठवड्यांनी ते दाखवलं होतं. पण सगळं गोळीचं नव्हतं, काही रक्तातूनच आलं होतं. किती कुठलं, हे वेगळं काढून दाखवता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. ललितला त्यांनी त्याच दिवशी औषध सुरू केलं.

कीर्तीचं काय करायचं, हे ठरवायला डॉक्टरांनी तिच्या आई-वडिलांना बाहेर बसायला सांगितलं. दुसरी औषधं होती, पण त्यांतल्या काहींनीही बीपी वाढतं, काही तिला कितपत लागू पडतील सांगता येत नव्हतं. गोळी न घेता दुसरं काम शोधणं हाही एक मार्ग होता. निम्म्या डोसवर राहून बीपीचं औषध सोबत घेणं हा तिसरा. कीर्तीनं विचारलं की तिसरा घेतला तर पन्नाशीला तिचं काय होईल. मला माहीत नाही, डॉक्टर म्हणाले. दर तीन महिन्यांनी समोर येऊन तपासून घ्यायचं आणि दर वर्षी काही आठवडे थांबवून बघायचं, एवढंच ते वचन देऊ शकत होते. यापुढे थांबवताना मात्र रजा काढून.

तिनं तिसरा घेतला. निम्म्या डोसवर पूर्वीइतकं शांत वाटत नव्हतं. दुपारी तीननंतर डोकं पुन्हा गजबजायचं. तिनं पुष्पा सिस्टरना सांगून दुपारच्या डोसांची नोंद दुसऱ्या नर्सकडून तपासून घ्यायची पद्धत लावून घेतली. आधी फक्त स्वतःसाठी, पुढे सिस्टरनी ती सगळ्यांना लावली. मार्चमध्ये तिला इंजेक्शनचं काम परत मिळालं. एप्रिलअखेर नोकरी पक्की झाली. बीपी कधी एकशे अठ्ठावीस, कधी एकशे चौतीस. तसलेच आकडे आता तिला खरे वाटायचे.

मनोरमा वापीला जायची थांबली. फाइल तिनं कीर्तीच्या खोलीत नेऊन ठेवली आणि पुढे गोळीचं नाव काढलं नाही. ललित सकाळी स्वतःची गोळी विसरला की ती त्याला आठवण करायची, मुलीला नाही. त्या दोघींत काहीतरी जपून चालणं आलं होतं.

मेमधल्या एका रविवारी सकाळी कीर्ती निघायची तयारी करत होती. मनोरमा दाराशी येऊन उभी राहिली.

"तू आठ वर्षांची होतीस," ती म्हणाली. "तुला विचारताही आलं नसतं. मी दिली ते चुकलं का गं?"

कीर्तीनं पिशवीची चेन लावली. होय किंवा नाही म्हणणं सोपं होतं, आणि आई कुठल्याही एकावर समाधान मानून स्वयंपाकघरात गेली असती.

"मला नाही माहीत, आई. दिली नसतीस तर मी आज कुठे असते, तेही नाही माहीत." ती आईकडे वळली. "आकडे सांगितलेस ते चुकलं. मी मोजले नाहीत, तेही."

मनोरमानं मान हलवली. ती रडली नाही. डबा भरलाय, तो टेबलावर आहे, असं तिनं सांगितलं. कीर्तीनं डबा पिशवीत टाकला, चपला घातल्या, आणि चारोटीची गाडी चुकू नये म्हणून भराभर नाक्याकडे चालू लागली.